टबखालची गळती दर दोन महिन्यांनी परत येते? फरशी फोडण्याआधी हे तपासा

"अगं, परत ओल आली बघ." खालच्या काकूंनी जिन्यातच थांबवून सांगितलं आणि मला मनापासून वाईट वाटलं, कारण ही चौथी वेळ होती. त्यांच्या बाथरूमच्या छतावर, बरोबर माझ्या टबाच्या खाली, ताटाएवढा पिवळट डाग पडला होता. मध्ये रंगाचे पोपडे आणि कडेने पांढरा खार.

आमची इमारत कोथरूडमधली, नव्वदच्या दशकातली. टब आधीच्या मालकांनी बसवलेला: पाच फुटी, अॅक्रिलिकचा, समोरून विटांची बुटकी भिंत बांधून त्यावर टाइल लावलेल्या. चार वर्षांत तीन दुरुस्त्या झाल्या होत्या. पहिल्या वेळी टबाच्या कडेला पांढरं सिमेंट भरलं. दुसऱ्या वेळी ते खरवडून सिलिकॉन मारलं. तिसऱ्या वेळी काकूंच्या छताला खालून भोकं पाडून त्यात केमिकल भरलं. प्रत्येक वेळी दोन-तीन महिने कोरडे गेले आणि डाग पुन्हा उगवला. चौथ्या वेळी आलेल्या प्लंबरदादांनी टबाकडे एक नजर टाकून सांगितलं, "ताई, आता सगळं काढावं लागेल. टब, कोबा, सगळं. नवीन वॉटरप्रूफिंग करू." (कोबा म्हणजे फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर.)

मी त्यांच्याकडे पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत दोन दोष सापडले, दोन्ही लहान, आणि जमिनीची एकही टाइल फोडावी लागली नाही. पाणी नेमकं कधी गळतं हे आम्ही चार वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं, म्हणून तीन दुरुस्त्या वाया गेल्या. ज्यांच्याकडे हाच प्रकार चालू आहे त्यांनी छन्नी-हातोडा मागवण्याआधी खालची तपासणी करावी, ही कळकळीची विनंती.

आधी डागाची वही

खालच्या घरी जाऊन डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दोन दिवसांनी पुन्हा जा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. बोटाने दाबून ओलं लागतं का तेही लिहा. डागाजवळ दिवा किंवा एक्झॉस्ट फॅन असेल तर हात लावायच्या आधी त्या लाइनचा एमसीबी (मेन बोर्डातला स्विच) पाडा. ओल्या छतातली वायर फार धोक्याची असते.

वर आपल्या घरी दुसरी यादी ठेवा: कोणी कधी अंघोळ केली, शॉवरने की बादलीने, टब भरला का, किती भरला, बाथरूम धुतलं का, पाऊस होता का. दहा-बारा दिवस पुरतात.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की बरंच काही उलगडतं. डाग रात्रंदिवस सारखाच ओला आणि सतत वाढतोय, तर नळाला येणाऱ्या पाण्याच्या पाइपवर संशय घ्या. त्या पाइपात पाणी चोवीस तास दाबाखाली असतं, त्यामुळे तो गळला तर थांबतच नाही. वापरानंतर ओल वाढते आणि गावाला गेलं की सुकते, तर सांडपाण्याची बाजू, टबाची कड किंवा टाइलचे सांधे. फक्त जून ते सप्टेंबर त्रास होतो, तर बाहेरची भिंत, डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) पाइप नाहीतर खिडकीची चौकट बघा. तिथे टबाचा काही दोष नसतो.

आमच्या वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसली. काकूंकडे ओल मंगळवारी सगळ्यात जास्त असायची आणि शुक्रवारपर्यंत बरीच कमी व्हायची. आमच्याकडे शनिवार-रविवार भाचे येतात आणि रविवारी टब भरून त्यात मनसोक्त डुंबतात. इतर दिवशी आम्ही टबात उभं राहून शॉवर घेतो, टब भरत नाही. टबाखालचा कोबा स्पंजासारखा पाणी पितो आणि सावकाश सोडतो, म्हणून रविवारचं पाणी खाली दिसायला मंगळवार उजाडायचा. टब भरल्यावर सगळ्यात जास्त गळतं, हे कळलं तिथे अर्धं काम झालं.

नळाचं पाणी की सांडपाणी?

आमची वही सांडपाण्याकडे बोट दाखवत होती, तरी नळाची बाजू तपासून बाजूला काढणं गरजेचं होतं. पुण्या-मुंबईच्या बहुतेक जुन्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक फ्लॅटला वेगळी लाइन येते आणि तिचा कॉक गच्चीवर किंवा डक्टमध्ये असतो. बाथरूमला वेगळा कॉक असेल तर उत्तमच. तो चोवीस तास बंद ठेवा आणि त्या काळात टब, बेसिन, कमोड काहीही वापरू नका. डाग सुकायला लागला तर नुसतं हे कळलं की पाणी याच बाथरूमचं आहे. आता कॉक पुन्हा उघडा, पण वापर मात्र बंदच ठेवा. वापर नसतानाही ओल वाढली, तर दाबाखालचा पाइप गळतोय. कोबा हळू सोडतो, म्हणून घाईत निष्कर्ष काढू नका, दोन-तीन दिवस द्या.

फ्लॅटला स्वतंत्र मीटर असेल तर काम सोपं. सगळे नळ बंद, कमोडच्या टाकीचा अँगल कॉकही बंद, आणि मीटरची चकती फिरते का बघायचं. कमोडचा कॉक विसरलात तर फ्लशमधून झिरपणारं पाणी मीटर फिरवतं आणि आपण नसत्या पाइपच्या मागे लागतो.

गरम पाण्याची लाइन वेगळी तपासा. गीझरचा इनलेट कॉक बंद केल्यावर ओल थांबली, तर दोष गीझरपुढच्या पाइपात आहे. जुन्या घरात हा पाइप बहुधा जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) असतो, आतून गंजत जातो आणि एखाद्या एल्बोपाशी (वळणाच्या जोडापाशी) आधी फुटतो.

प्लंबरकडे हाताने चालवायचा प्रेशर पंप असतो. लाइनची टोकं बंद करून पंपाने दाब द्यायचा आणि गेजचा काटा उतरतो का बघायचं. इथे एक खोच आहे, आणि अनुभवी माणसंही तिथे चुकतात. वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) किंवा डायव्हर्टरपासून (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणाऱ्या कळीपासून) टबाच्या नळापर्यंत आणि शॉवरपर्यंत जाणारे भिंतीतले तुकडे नळ बंद असताना रिकामे असतात. त्यांवर दाब येतच नाही. त्यामुळे नेहमीच्या प्रेशर टेस्टमध्ये काटा जागचा हलत नाही आणि आपण नळाची लाइन निर्दोष धरून चालतो. प्रत्यक्षात भिंतीत शॉवर आर्मचे (शॉवर धरणाऱ्या नळीचे) आटे सैल असले, तर शॉवर चालू असेपर्यंतच पाणी भिंतीत उतरतं. ही बाजू तपासायची तर शॉवर आर्म काढून तिथे प्लग लावा, डायव्हर्टर शॉवरवर ठेवून नळ उघडा आणि मग दाब द्या.

पंप नसेल तरी हे ओळखता येतं. आपल्याकडे घराघरात बादली असते, ती इथे फार कामाला येते. एक दिवस टबाच्या नळाखाली, आणि मग शॉवरखालीही, बादली धरा, भरेल तशी दुसऱ्या मोरीत नेऊन ओता. टबात थेंब पडू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं असं करा. पुढे दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग उलट करा: बाहेरून बादल्या आणून टबात ओता, टबाचा नळ उघडूच नका. पहिल्या दिवशी ओल आली तर भिंतीतला पाइप, दुसऱ्या दिवशी आली तर टब आणि त्याचं सांडपाणी. आमच्याकडे पहिला दिवस कोरडा गेला.

टबाच्या पोटात डोकावायची सोय

पुढच्या चाचण्या खालच्या डागावर अवलंबून केल्या, तर प्रत्येकीसाठी तीन दिवस थांबावं लागतं. टबाखाली प्रत्यक्ष बघता आलं, तर सगळं एक-दोन दिवसांत होतं. म्हणून समोरच्या भिंतीत, सांडपाण्याच्या टोकाला, साधारण फूटभर लांब-रुंद झडप करून घ्या. टब बसवतानाच ही जागा ठेवायला हवी, पण बांधून बंद केलेले टब मी इतक्या घरांत पाहिले आहेत की जीव हळहळतो. शंभर रुपयांचं वॉशर बदलायला पूर्ण भिंत पाडावी लागते.

हे काम हातोड्याने करू देऊ नका. विटांना बसलेला दणका टबापर्यंत जातो आणि अॅक्रिलिकला केसासारखी भेग पडते. लहान कटरने टाइलच्या सांध्यातून कापून दोन टाइल अखंड काढायच्या आणि मागच्या विटा सैल करायच्या. पाइप कुठे आहे ते माहीत नसेल तर कटर एका इंचाच्या वर आत घालू नका. त्याच टाइल नंतर चौकटीवर चिकटवून चुंबकाच्या पकडीवर बसवता येतात. बाहेरून झडप आहे हे कळतही नाही.

आमची झडप उघडली तेव्हा आत वाळलेल्या साबणाचा आणि ओल्या सिमेंटचा वास कोंडलेला होता. टॉर्च टाकला. टबाच्या बाहेरच्या अंगाला, ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी निघून जायच्या) भोकापासून खाली, बोटभर रुंद करडा ओघळ होता, गोगलगाय चालून गेल्यावर राहतो तसा. पण थेंब पडल्याची खूण त्याच्या खाली नव्हती. ओघळ पाइपवर उतरून पाइपच्या पोटाला चिकटत पुढे सरकत गेला होता आणि सगळ्यात खालच्या एल्बोपाशी थेंब बनून पडत होता. तिथल्या कोब्यावर वाटीएवढी काळी जागा झाली होती. झडपेत डोकावून ओली एल्बो दिसली की कोणीही एल्बोच बदलेल. एल्बोला काहीही झालेलं नव्हतं.

म्हणून आत बघताना आधी सगळं फडक्याने कोरडं पुसा. मग प्रत्येक सांध्याला टिशू पेपरची पट्टी गुंडाळा. टिशू ओला झाला की लगेच गडद दिसतो. सगळ्यात वरचा ओला टिशू जिथे असेल, तिथे उगम.

टिशू लावून झाले की

सुरुवात सगळ्यात साध्या गोष्टीने करा. टबाचं बूच काढा आणि दोन बादल्या पाणी सावकाश, सरळ जाळीवर ओता. कडेला उडू देऊ नका. वेस्ट कपलिंगखालचा (टबाच्या तळाच्या भोकात बसवलेल्या जोडाखालचा) टिशू भिजला तर कपलिंगचं वॉशर गेलं. खालचा सांधा भिजला तर तो सांधा.

मग बूच लावून टब ओव्हरफ्लोच्या चार बोटं खालपर्यंत भरा, पातळीवर चिकटपट्टी लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी उतरलेली दिसली तरी घाबरू नका. बूच नीट बसत नसेल तर पाणी पाइपातून रीतसर वाहून जातं, ती गळती नव्हे. खालचा टिशू काय सांगतो तेच खरं. सगळे टिशू कोरडे असतील तर टबाचा तळ आणि कपलिंग दोन्ही ठीक आहेत. आमच्याकडे ते कोरडे होते.

तिसरी पायरी ओव्हरफ्लोची. मगाने ओव्हरफ्लोच्या जाळीवर थेट पाणी ओतत राहा. तिसऱ्याच मगाला आमचा वरचा टिशू काळवंडला. आमचा एक दोष हा. शॉवर घेताना पाणी तिथपर्यंत पोचत नाही. भाचे टब काठोकाठ भरून आत उड्या मारायचे, तेव्हाच ते जाळीवर जायचं आणि कडक झालेल्या रबराच्या बाहेरून टबाखाली उतरायचं.

मी तिथेच थांबणार होते. पण शॉवरच्या दिवसांनंतरही डाग पूर्ण सुकत नव्हता, थोडी ओल राहायचीच, म्हणून कडेची तपासणी केली. टबाच्या आणि भिंतीच्या सांध्यावर हँडशॉवर धरला. काही झालं नाही. मग मुलाला टबात उभं केलं आणि त्याच सांध्यावर पुन्हा पाणी मारलं. दोन मिनिटांत भिंतीच्या बाजूने बारीक धार टबाखाली आली. कडेचं सिलिकॉन एकसंध दिसत होतं, पण वजन पडलं की टब मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली बसत होता आणि सिलिकॉन टाइलपासून सुटत होतं. वजन उतरलं की फट मिटायची. रिकाम्या टबाची कड कितीही निरखली असती तरी हे दिसलं नसतं. पोस्टकार्डाचा कोपरा घेऊन बघा: रिकाम्या टबाच्या फटीत शिरत नाही आणि माणूस उभा राहिल्यावर शिरतो, तर टब हलतोय.

हलायचं कारण झडपेतून लगेच दिसलं. टबाच्या एका पायाखालची वीट सरकली होती आणि तो पाय अधांतरी होता. दोन्ही वेळा कडेला केलेली दुरुस्ती का टिकली नाही, ते तेव्हा समजलं. पांढरं सिमेंट तर ताठ असतं, ते लवकरच तडकलं असणार. सिलिकॉन ताणलं जातं, पण त्यालाही मर्यादा आहे.

शेवटची चाचणी टब काठोकाठ भरून एकदम बूच काढण्याची. पाच फुटी टबात दीड-दोनशे लिटर पाणी सहज मावतं आणि ते काही मिनिटांत निघतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी टबाचा वेस्ट पाइप खालच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या वाटीत) नुसता सोडलेला असतो, सांधलेला नसतो. ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा गाळ साचला की एवढं पाणी त्याला एकदम झेपत नाही, ते तोंडाशी तुंबून टबाखाली पसरतं आणि मिनिटभराने ओसरतं. बाहेर काहीच दिसत नाही. नाशिकला मावशीच्या घरी नेमकं हेच होतं. तिच्याकडे ट्रॅप साफ करून पाइपच्या तोंडाला रबरी कॉलर बसवली, आणि गळती बंद झाली.

दुरुस्ती

ओव्हरफ्लोचं वॉशर बदलायला आतली जाळी धरणारा स्क्रू सोडवायचा, मागचा पाइप बाजूला करायचा आणि जुनं रबर ओढून काढायचं. आमचं लाकडासारखं कडक झालं होतं, बोटात तुटलं. बऱ्याच टबांचं हे वॉशर एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असतं, कारण टबाची भिंत तिरकी असते. जाड बाजू खाली ठेवायची. उलटं बसवलं की नवीन रबरही पहिल्या दिवसापासून गळतं. दुकानात जाताना जुना तुकडा बरोबर न्या.

वेस्ट कपलिंग सैल असेल तर नुसतं आवळून बघण्याचा मोह टाळा. त्याचं पाणी आटे अडवत नाहीत, टबाच्या वर आणि खाली बसणारी रबरी वॉशरं अडवतात. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वीस वेढे दिले तरी वॉशर सुकलेलं असेल तर पाणी येणारच. कपलिंग पूर्ण सोडवा, दोन्ही जागा पुसून कोरड्या करा, नवीन वॉशर घाला, हाताने घट्ट होईल तितकं फिरवा आणि मग पान्याने अर्धा-पाऊण फेरा. अॅक्रिलिकवर जास्त जोर लावला की भोकाभोवती तडा जातो, आणि मग खरोखरच टब बदलावा लागतो.

टबाचा पाय: वीट काढून तिथे सिमेंटचा पक्का ठोकळा केला, तीन दिवस वाळू दिला आणि पायाचा नट फिरवून तो टेकवला. पातळीसाठी स्पिरिट लेव्हल ठेवली. उतार सांडपाण्याकडे हवा. मुलगा पुन्हा आत उभा राहिला, पोस्टकार्ड फटीत शिरलं नाही.

सिलिकॉन सगळ्यात शेवटी, आणि इथे घाई केली की सगळी मेहनत वाया जाते. जुनं सिलिकॉन पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण काढा. नवीन सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, कितीही चांगल्या कंपनीचं आणलं तरी. राहिलेला चिकट थर स्पिरिटने पुसा. अॅसिटोन किंवा थिनर वापरू नका, अॅक्रिलिक पांढुरकं पडून चरे पडतात. सांधा पूर्ण कोरडा हवा. आम्ही दोन दिवस बाथरूम बंद ठेवून पंखा लावला होता.

मग टब पाण्याने भरा. भरलेला टब जितका खाली बसायचा तितका बसतो आणि फट सगळ्यात रुंद होते. त्या अवस्थेत सिलिकॉन भरायचं आणि ते पक्कं होईपर्यंत, म्हणजे निदान चोवीस तास, पाणी तसंच ठेवायचं. पाणी सोडल्यावर टब वर येतो आणि सिलिकॉन दाबलं जातं, ताणलं जात नाही. ही एक गोष्ट आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकानेही केली नव्हती. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा, सांध्यात एकसंध रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकाच दमात फिरवा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. बुरशीरोधक, बाथरूमसाठीचं म्हणून मिळतं तेच घ्या, साधं घेतलंत तर सहा महिन्यांत काळं पडतं.

हे मात्र करू नका

खालून छतात केमिकल भरण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वरचा उगम सापडून बंद झाल्याशिवाय ते करू नये. खालून वाट बंद केली म्हणून पाणी यायचं थांबत नाही. ते कोब्यात आणि स्लॅबमध्ये साचतं, आतल्या सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि खालचं प्लास्टर ढकलून पाडते. काकूंच्या छताचा एक कोपरा तसा फुगला होता. तिथे ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज आला. तो भाग आम्ही इंजिनिअरला दाखवून नीट करून घेतला. सळई उघडी दिसत असेल तर कोणत्याही प्लंबरच्या सल्ल्यावर थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवा.

भिंतीतला पाइप गळतोय असं नक्की झालं तर ते काम मात्र प्लंबरवर सोपवा. जीआय लाइनचा फक्त एक तुकडा बदलून फार काळ भागत नाही, पुढचा कमकुवत सांधा लवकरच तोंड काढतो. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिकचा पाइप) टाकायचं तर भिंत बंद करण्याआधी दाब देऊन काटा बघा, आणि शॉवरच्या तुकड्याचं वर सांगितलेलं विसरू नका.

ज्यांच्याकडे टब नाही, साधी नहाणीच आहे, त्यांनाही पद्धत हीच. नळाची बाजू आधी वेगळी करा. मग नहाणी ट्रॅपचं तोंड कापडाचा बोळा आणि प्लॅस्टिकने बंद करून जमिनीवर इंच-दीड इंच पाणी साठवा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि अठ्ठेचाळीस तास ठेवा. उंबऱ्यावरून पाणी बाहेर जाणार नाही हे आधी बघा. खाली ओल आली तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग किंवा टाइलचे सांधे गेले. नाही आली, आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर आली, तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. पहिल्या प्रकारात सांधे इपॉक्सी ग्राउटने भरून बघणं हा कमी खर्चाचा पहिला प्रयत्न आहे. दुसऱ्या प्रकारात ग्राउट भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

खालच्या घराचं काय

खर्च कोणाचा यावर सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं अबोला चालतो, आणि ते बघवत नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या पाइपांची आणि फिटिंगची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची. म्हणूनच ती डागाची वही सांभाळून ठेवा. ओल फक्त पावसाळ्यात येते की घरातल्या वापरानंतर, हे तारखांनिशी समोर असलं की कमिटीच्या बैठकीत आवाज चढत नाहीत.

दुरुस्ती झाल्या दिवशी खालच्यांना एक गोष्ट नक्की सांगा: डाग लगेच जाणार नाही. कोब्यात मुरलेलं पाणी उतरत राहतं. आमच्याकडे दुरुस्तीनंतर पहिला आठवडा डाग उलट थोडा वाढला, आणि मी दोन रात्री झोपले नाही. मग तो थांबला, आणि पूर्ण सुकायला सहा आठवडे लागले. या काळात "झालं नाही काम" म्हणून पुन्हा तोडफोड सुरू करणारी घरं मी पाहिली आहेत. पेन्सिलच्या रेघा इथेही मदतीला येतात: दोन आठवड्यांनी ओल रेघेच्या आत सरकू लागली असेल तर धीर धरा. छत पूर्ण कोरडं झाल्याशिवाय रंग लावू नका, खार पुन्हा फुटतो आणि पोपडे निघतात.

काकूंनी दिवाळीच्या आधी छत खरवडून, पुट्टी भरून रंग लावून घेतला. पेन्सिलच्या रेघा त्याखाली गेल्या. मी दर सहा महिन्यांनी झडप उघडते, टिशूच्या पट्ट्या गुंडाळते आणि भाच्यांना टब काठोकाठ भरायला सांगते. मागच्या रविवारी पाचही पट्ट्या कोरड्या निघाल्या, आणि त्यातली एक मी खाली काकूंना नेऊन दाखवली.